जलचक्रातला सूर्य मुलांना कसा दाखवायचा

जलचक्राची आकृती मुलं झटकन काढतात. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, पाऊस, नदी, आणि कोपऱ्यात सूर्य. पण ‘सूर्य नसता तर काय झालं असतं?’ असं विचारलं की ‘अंधार’ हे उत्तर लगेच येतं, ‘पाऊस थांबला असता’ हे सहसा येत नाही. उकळतं पाणी घेऊन वर बर्फ ठेवायचा, हा नेहमीचा प्रयोग इथे उपयोगाचा नाही, कारण त्यात सूर्याचं काम शेगडीने आधीच उरकलेलं असतं. म्हणून पाणी साधंच घ्या आणि भांडी दोन घ्या: एक उन्हासाठी, एक सावलीसाठी.

साधारण २० सेंटीमीटर तोंडाचे काचेचे दोन सारखे वाडगे घ्या. प्रत्येकाच्या मधोमध एक जड, रिकामी वाटी ठेवा. ती वाडग्याच्या काठापेक्षा बुटकी हवी. वाटीभोवती २५० मिलिलिटर पाणी ओता आणि त्यात चमचाभर मीठ व खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब मिसळा. तोंडावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद ताणून रबराने घट्ट बसवा. वाटीच्या बरोबर वर एक छोटा खडा ठेवा, म्हणजे कागदाला मध्ये खोलगट उतार येईल. उताराचं टोक वाटीला टेकू देऊ नका. दोन्ही वाडग्यांखाली काळा कागद घाला; एकाखालीच घातला तर तुलना फसते. सकाळी दहाच्या सुमारास मांडा आणि तीन-चार तास राहू द्या.

उन्हातल्या कागदावर आतून आधी धुकं धरतं, मग थेंब मोठे होऊन उतारावरून वाटीत पडतात. एक-दोन चमचे पाणी जमलं तरी पुष्कळ. ते बिनरंगी असतं. भांडी स्वच्छ असतील तर मुलांना चाखू द्या: मीठ आणि रंग खालीच राहिले, वर गेलं ते फक्त पाणी. खाऱ्या समुद्रातून गोडा पाऊस का पडतो, ते इथे जिभेलाच कळतं. शेवटी दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान मोजा, मात्र प्रयोगशाळेतल्या तापमापीने. ताप बघायच्या तापमापीला एवढी मोजपट्टी नसते.

वाटी कोरडीच राहिली तर बहुधा खडा बाजूला सरकलेला असतो आणि थेंब वाटीबाहेर पडतात. कडेला फट राहिली तर वाफ निसटते. वाटी हलकी असेल तर तरंगून कलंडते. पाणी जास्त घेतलं तर ते तापायलाच दुपार जाते. सावली सरकते हेही लक्षात ठेवा. सावलीतल्या वाडग्यावर थोडा वेळ जरी ऊन आलं तरी फरक पुसट होतो.

सावलीतल्या कागदावरही थोडं धुकं दिसलं तर ‘चुकलं’ म्हणू नका. तिथली हवाही उन्हानेच तापलेली असते. शिवाय पाणी उडून जायला उकळावंच लागतं, हा मुलांचा मोठा गैरसमज इथेच सुटतो. तो पक्का सोडवायचा असेल तर दोन सारख्या ताटल्यांत १००-१०० मिलिलिटर पाणी उघडं ठेवा आणि १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर दर तासाला वजन करा. दोन्हीकडे वारा सारखाच लागू द्या, नाहीतर मोजमाप उन्हाऐवजी वाऱ्याचं होईल.

मोठ्या मुलांना एक आकडा जरूर सांगा. १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात; तेच पाणी २० अंशांवरच वाफ व्हायला सुमारे ५८५. ही उष्णता सूर्याकडून येते, वाफेबरोबर वर जाते आणि ढग होताना हवेत परत मिळते. ओल्या हातावर फुंकर मारली की गार का वाटतं, याचंही उत्तर हेच.

वर बर्फ नसतो, मग आकाशात वाफ गार कशी होते? हा प्रश्न येणारच. मऊ प्लास्टिकच्या बाटलीत दोन चमचे कोमट पाणी घालून हलवा. नुकत्याच विझवलेल्या काडीचा थोडा धूर आत घ्या (काडी मोठ्यांनीच पेटवायची) आणि झाकण घट्ट लावा. बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. सोडताच आत ढग दिसतो, दाबली की नाहीसा होतो. उन्हाने तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने फुगते आणि फुगताना गार होते. बाटली सोडताना तेच घडतं. धूर वगळू नका, थेंब धरायला कण लागतात. आणि हे नक्की सांगा: दिसतो तो ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, वाफ स्वतः दिसत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत या आणि गणित मुलांना करू द्या. हवेतलं सगळं बाष्प एकदम खाली आलं तर पृथ्वीभर सरासरी २५ मिलिमीटर पाण्याचा थर होईल. वर्षभरात मात्र सरासरी सुमारे १००० मिलिमीटर पडतं. म्हणजे हा साठा वर्षातून चाळीसेक वेळा रिकामा होतो आणि सूर्य तो दर नऊ-दहा दिवसांनी पुन्हा भरतो.