मेसेज आत्ता कुठे आहे? क्यूच्या भानगडी सोडवायला शिकताना

मेसेज क्यूची, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून (प्रोड्युसर) दुसऱ्याकडे (कन्झ्युमर) मेसेज पोचवणाऱ्या रांगेची, तक्रार येते तेव्हा शब्द जवळजवळ ठरलेले असतात. "मेसेज गायब झाले", "एकच मेसेज दोनदा आला", "क्यू हलतच नाहीये". नव्याने रुजू झालेला माणूस अशा वेळी कन्झ्युमर रीस्टार्ट करतो, नाहीतर क्यू पर्ज करून, म्हणजे पूर्ण रिकामी करून, मोकळा होतो. पर्ज केलं तर मेसेज कायमचे गेले. रीस्टार्टने कनेक्शन तुटतं, अडकलेले मेसेज रांगेत परत येतात, आकडे छान दिसायला लागतात आणि सगळे हुश्श करतात. पण काय बिघडलं होतं हे सांगणारा पुरावाही त्याच झटक्यात पुसला जातो. म्हणून कितीही घाई असली तरी रीस्टार्टच्या आधी क्यूच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि कन्झ्युमरचा थ्रेड डंप (त्या क्षणी त्याचा कोणता थ्रेड कुठे आहे याची नोंद) घेऊन ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

या कामात ब्रोकरमध्येच, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्येच, बग निघाल्याची उदाहरणं मी फार थोडी पाहिली आहेत. क्यू सहसा सांगितल्याप्रमाणेच वागत असते. गोम अशी की ते सांगणं आपल्यापैकी कोणी केलेलं नसतं, डीफॉल्ट सेटिंगने परस्पर ठरवलेलं असतं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: तक्रारीतला तो एक मेसेज आत्ता नेमका कुठे आहे? प्रोड्युसरकडून निघालाच नाही, ब्रोकरवर थांबलाय, कन्झ्युमरने हातात धरून ठेवलाय, की काम झालं असं समजून पुसला गेलाय? "सगळेच मेसेज" असा विचार करू नका. एक आयडी पकडा आणि त्याचाच माग काढा.

रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्ये हा माग सोपा आहे, कारण क्यूच्या पानावर दोन आकडे वेगळे दिसतात: रेडी आणि अनअ‍ॅक्ड. रेडी म्हणजे अजून कोणाला दिलेले नाहीत. अनअ‍ॅक्ड म्हणजे कन्झ्युमरला दिलेत, पण "झालं" अशी पोच, म्हणजे अ‍ॅक, आलेली नाही. नवे लोक दोन्हींची बेरीज बघतात आणि तिथेच फसतात. रेडी वाढतोय आणि अनअ‍ॅक्ड शून्य, तर कन्झ्युमर जोडलेलाच नाही. रेडी शून्य आणि अनअ‍ॅक्ड हजारोंनी, तर मेसेज कोणीतरी बगलेत मारून बसलंय. हा दुसरा प्रकार फार वेळा दिसतो. प्रीफेच, म्हणजे पोच येण्याआधी एका कन्झ्युमरला जास्तीत जास्त किती मेसेज द्यायचे तो आकडा, ठरवलेला नसेल तर मर्यादाच नसते, आणि पहिला कन्झ्युमर समोर आहे तेवढं सगळं उचलतो. मग काम तुंबलं म्हणून टीम आणखी चार वर्कर, म्हणजे कन्झ्युमर, चालू करते आणि ते चौघे रिकामे बसतात, कारण वाटायला काही उरलेलंच नसतं. यावर "वर्कर वाढवूनही वेग वाढत नाही" असं तिकीट आलेलं मी वाचलं आहे. प्रीफेच आटोपशीर ठेवला की विषय संपतो.

आता गायब होणाऱ्या मेसेजकडे येतो. हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो.

एका प्रकल्पात तक्रार होती की साधारण निम्म्या ऑर्डरींची पुढची प्रक्रियाच होत नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, क्यू रिकामी. प्रोड्युसरच्या लॉगमध्ये प्रत्येक ऑर्डर पाठवल्याची नोंद होती. कन्झ्युमरच्या लॉगमध्ये मात्र ऑर्डर क्रमांक एकाआड एक. ४१ आहे, ४२ नाही, ४३ आहे, ४४ नाही. या "एकाआड एक"मध्येच उत्तर होतं. अपघाताने हरवणारी गोष्ट इतक्या शिस्तीत हरवत नाही. एका क्यूवर दोन कन्झ्युमर असतील तर ब्रोकर त्यांना पाळीपाळीने वाटतो, म्हणजे दुसरा कोणीतरी घेत होता. क्यूच्या पानावर खाली कन्झ्युमरची यादी असते, तिथे दोन ओळी होत्या आणि दुसऱ्या ओळीतला आयपी चाचणीच्या सर्व्हरचा होता. तिथली जुनी आवृत्ती कोणीतरी प्रॉडक्शनच्या कॉन्फिगवर चालू ठेवली होती. ती इमानेइतबारे मेसेज घेत होती, अ‍ॅक देत होती आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये लिहीत होती. म्हणजे मेसेज हरवले नव्हते, भलत्या घरी पोचत होते. तेव्हापासून गायब मेसेजच्या तक्रारीत मी कोड उघडण्याआधी कन्झ्युमरची यादी बघतो.

यादी स्वच्छ असेल तर प्रोड्युसरच्या बाजूला जा. रॅबिटएमक्यूत मेसेज थेट क्यूत पडत नाही, आधी एक्स्चेंजला, म्हणजे ब्रोकरमधल्या वाटप करणाऱ्या भागाला, जातो आणि राउटिंग कीप्रमाणे (मेसेजवरच्या पत्त्याप्रमाणे) वाटला जातो. की चुकीची लिहिली आणि कोणतीच क्यू जुळली नाही, तर ब्रोकर मेसेज मुकाट टाकून देतो. पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने प्रोड्युसरला द्यायची पोच) चालू असला तरी फसायला होतं, कारण अशा मेसेजचाही कन्फर्म येतो. मॅन्डेटरी फ्लॅग लावलेला असेल तरच तो परत पाठवला जातो. "कन्फर्म आला" आणि "क्यूत पोचला" यांत एवढं अंतर आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा बहुतेकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काफ्का या दुसऱ्या मेसेज प्रणालीकडे वळलात की आधी एक सवय सोडावी लागते. तिथे वाचलेला मेसेज पुसला जात नाही. तो लॉगमध्येच राहतो (डीफॉल्ट मुदत ७ दिवस) आणि कन्झ्युमर ग्रुप (काम वाटून घेणारे कन्झ्युमर) फक्त आपण कुठवर आलो त्याची खूण, म्हणजे ऑफसेट, पुढे सरकवतो. त्यामुळे "मेसेज कुठे आहे" याऐवजी "आमची खूण कुठे आहे" असं विचारावं लागतं. नवा ग्रुप जोडला आणि जुने मेसेज दिसेनात? ऑटो ऑफसेट रीसेटचं (खूण नसेल तर कुठून सुरू करायचं ते) डीफॉल्ट लेटेस्ट आहे, ग्रुप जोडल्यानंतरचे मेसेजच येणार. सहा पार्टिशनना, म्हणजे लॉगच्या सहा तुकड्यांना, आठ कन्झ्युमर लावलेत? नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये दोघे बसून राहणार.

दोनदा येणाऱ्या मेसेजचं मात्र नीट गणित मांडून बघू. काफ्काचा कन्झ्युमर एका पोलमध्ये (एका मागणीत) डीफॉल्टने जास्तीत जास्त ५०० रेकॉर्ड, म्हणजे मेसेज, उचलतो आणि पुढचा पोल ५ मिनिटांच्या, म्हणजे ३०० सेकंदांच्या आत व्हावा अशी अपेक्षा असते. समजा प्रत्येक रेकॉर्डमागे एक ईमेल जातो आणि त्याला ०.२ सेकंद लागतात. ५०० रेकॉर्डना १०० सेकंद, काही अडचण नाही. एक दिवस ईमेल पाठवणारी सेवा मंदावते आणि तेच काम ०.७ सेकंदांवर जातं. आता ५०० ना ३५० सेकंद लागतात. ३०० सेकंद उलटले की हा कन्झ्युमर ग्रुपबाहेर पडतो, त्याची पार्टिशनं दुसऱ्याला मिळतात. खूण सरकलेली नसते, म्हणून दुसरा तेच ५०० पहिल्यापासून सुरू करतो. पहिला मात्र आपल्या गतीने ईमेल पाठवतच राहतो आणि शेवटी खूण कमिट करायला गेला की ते फेटाळलं जातं. ३०० सेकंदांनी दुसऱ्याचीही तीच गत. बाहेरून काय दिसतं? लॅग (वाचायचे बाकी मेसेज) तसूभरही कमी होत नाही, सीपीयू निवांत, आणि ग्राहकांना त्याच ईमेलच्या प्रती येतायत. आपल्या कोडची एक ओळही बदललेली नसते, त्यामुळे "काल तर चालत होतं" हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. हार्टबीट ("मी चालू आहे" असा इशारा) वेगळ्या थ्रेडवरून जात असल्याने तोवर कन्झ्युमर जिवंतही दिसत असतो. लॉगमध्ये रीबॅलन्स (पार्टिशनांची फेरवाटणी) शोधा, वारंवार दिसला तर हाच संशय धरा. तात्पुरता इलाज म्हणजे एका पोलचे रेकॉर्ड १०० वर आणणं, म्हणजे काम ७० सेकंदांत आटपतं.

हीच भानगड इतरत्र वेगळ्या नावाने भेटते. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेत व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतरांपासून लपवून ठेवायची मुदत) डीफॉल्टने ३० सेकंद असतो. तुमचं काम ४० सेकंदांचं असेल तर तिसाव्या सेकंदाला मेसेज पुन्हा इतरांना दिसायला लागतो. रॅबिटएमक्यूच्या बऱ्याच आवृत्त्यांत ३० मिनिटांत अ‍ॅक आला नाही तर चॅनल बंद होतो आणि मेसेज रांगेत परत जातो. एसक्यूएसची आणखी एक गंमत: क्यूत मेसेज असूनही रिसीव्ह रिकामा येऊ शकतो, कारण शॉर्ट पोलिंग काही मोजक्याच सर्व्हरना विचारून परततं. २० सेकंदांपर्यंतचं लाँग पोलिंग (मेसेजची वाट बघत थांबणारं) लावा, यावर तिकीट काढू नका.

एखादा मेसेज दोनदा येणारच, हे धरून चाला. यावर मी वाद घालत नाही. ब्रोकर बदलून, सेटिंग घट्ट करून "एकदाच" मिळवायच्या मागे लागलेल्या टीम शेवटी कन्झ्युमरमध्ये मेसेजचा आयडी तपासण्यावरच येतात. आयडी टेबलमध्ये युनिक ठेवा, आणि मूळ काम त्याच डेटाबेसमध्ये असेल तर दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. ईमेलसारख्या बाहेरच्या कामाला एवढी खात्री मिळत नाही, तिथे निदान पाठवण्याआधी नोंद बघा.

विषारी मेसेजबद्दलही थोडं. ज्याच्यावर कन्झ्युमर दरवेळी कोसळतो असा एखादा मेसेज असतो: अर्धवट जेसन, नाहीतर जिथे शून्य चालत नाही तिथे शून्य. कोडने तो रीक्यू केला, म्हणजे रांगेत परत टाकला, की तो शक्य तितका जुन्या जागीच परत येतो, पुन्हा कोसळतो, पुन्हा परत. सीपीयू १०० टक्के आणि काम शून्य असं चित्र दिसलं तर रीडिलिव्हर्ड फ्लॅग (आधी एकदा दिल्याची खूण) बघा. ठरावीक प्रयत्नांनंतर मेसेज डेड लेटर क्यूत (नापास मेसेज बाजूला ठेवायच्या क्यूत) गेला पाहिजे, आणि त्या क्यूवर अलार्म पाहिजे. अलार्म नसलेली डेड लेटर क्यू म्हणजे अडगळीची खोली. एसक्यूएसच्या स्टँडर्ड क्यूत तर मेसेज तिकडे हलवला तरी त्याचं वय मूळ वेळेपासूनच मोजतात. दोन्हीकडे मेसेज ठेवण्याची मुदत डीफॉल्ट ४ दिवस असेल आणि मेसेज तिसऱ्या दिवशी तिकडे गेला, तर तपासायला तुमच्याकडे एकच दिवस उरतो. तिथली मुदत १४ दिवसांवर न्या, त्यापुढे नेता येत नाही.

वाचून हे अंगवळणी पडत नाही. स्वतःच्या मशीनवर डॉकरमध्ये रॅबिटएमक्यू चढवा, अ‍ॅकच्या आधी ६० सेकंद झोपणारा कन्झ्युमर लिहा, दहा मेसेज टाका आणि मधेच त्याला किल मारा. अनअ‍ॅक्डचा आकडा रेडीत पडताना बघा. मग प्रीफेच १ करून दोन कन्झ्युमर लावा. शेवटी राउटिंग की मुद्दाम चुकवा आणि कन्फर्म तरीही येतो का ते बघा.