सीडी अडकली, ड्राइव्ह गायब: कॉपी-प्रोटेक्टेड गाण्यांच्या डिस्क लावताना या चुका टाळा

कोकणात सीडी चालेना झाली की पहिलं खापर हवेवर फुटतं. मालवण असो की दापोली, पावसाळ्यात घरातली चादरसुद्धा ओलसर लागते, मग ड्राइव्हची लेन्स कोरडी कशी राहणार? बऱ्याचदा हे खरंही असतं. पण २००१ नंतरच्या पाच-सहा वर्षांत परदेशात निघालेल्या काही गाण्यांच्या सीडी कंपन्यांनीच मुद्दाम अशा बनवल्या होत्या, की कॉम्प्युटरला त्या धड वाचता येऊ नयेत. आखातातल्या, युरोपातल्या, अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या डिस्क गणपतीत माळ्यावरून खाली उतरतात, तेव्हा त्यांत अशी एखादी असू शकते. ती घातली की ड्राइव्ह घरघरतो, ट्रे उघडत नाही, कधी तर विंडोजमधून ड्राइव्हच नाहीसा होतो. आणि आपण स्क्रू ड्रायव्हर घेऊन चांगल्या ड्राइव्हच्या मागे लागतो.

चूक पहिली: दोष कुणाचा हे न ठरवताच ड्राइव्ह खोलणं

आधी तीन डिस्क घ्या. एक जुनी साधी ऑडिओ सीडी, जिच्यावर ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ हा ओळखीचा लोगो आहे. दुसरी एमपीथ्री किंवा डेटाची. तिसरी संशयित. याच क्रमाने लावा. पहिल्या दोन्ही अडखळल्या तर दोष ड्राइव्हचा, लेन्सचा किंवा वीजपुरवठ्याचा. पहिल्या दोन्ही नीट चालल्या, तिसरी कॉम्प्युटरवर अडते पण हॉलमधल्या साध्या सीडी प्लेअरवर सुरळीत वाजते, तर ड्राइव्हला हात लावू नका.

मग त्या डिस्कचं कव्हर नीट वाचा. सोनी आणि फिलिप्सने १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे जे नियम ठरवले, ते अशा डिस्क मोडतात. म्हणून त्यांच्यावर सीडीचा लोगो लावता येणार नाही, असं फिलिप्सनेच जाहीर केलं होतं. लोगो नसणं ही पहिली खूण. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘कॉपी कंट्रोल’, ‘कंटेंट प्रोटेक्टेड’ किंवा ‘पीसी-मॅकवर चालणार नाही’ असं छापलेलं असतं. डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर बाहेरच्या कडेजवळ वेगळ्या छटेचं वर्तुळ दिसू शकतं. ते दुसऱ्या सेशनचं, म्हणजे डिस्कवर वेगळ्या लिहिलेल्या भागाचं. पण केवळ त्यावरून निकाल देऊ नका, कारण व्हिडिओ जोडलेल्या सरळसाध्या ‘एन्हान्स्ड’ सीडीवरही ते असतं.

असं का होतं, ते थोडक्यात. साधा सीडी प्लेअर पहिल्या सेशनची अनुक्रमणिका वाचतो आणि गाणं सुरू करतो. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सगळी सेशन्स धुंडाळतो आणि शेवटच्या सेशनवर भिस्त ठेवतो. ‘की-टू-ऑडिओ’ पद्धतीत बाहेरच्या कडेला खोटा डेटा ट्रॅक असायचा, ‘कॅक्टस डेटा शील्ड’मध्ये अनुक्रमणिकेत गडबड आणि गाण्यातच पेरलेल्या चुका. चूक सापडली तर प्लेअर आजूबाजूचा आवाज बघून मधली फट बुजवतो आणि पुढे जातो. कॉम्प्युटरला मात्र अंदाज चालत नाही. तो तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतो, वेग उतरवतो, परत चढवतो. ती घरघर म्हणजे हेच. गाडीतल्या स्टिरिओत आणि डीव्हीडी प्लेअरमध्येही अनेकदा सीडी-रॉमच्याच जातीची यंत्रणा असते, म्हणून अशा डिस्क तिथेही रुसतात.

चूक दुसरी: अडकलेली डिस्क जबरदस्तीने ओढणं

काही ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला कायमचा प्रोग्रॅम, ती विस्कटलेली अनुक्रमणिका वाचताना अडकूनच पडतं आणि इजेक्टच्या बटणालाही दाद देत नाही. रीस्टार्ट करून उपयोग नाही, कारण वीज मिळताच ड्राइव्ह तीच डिस्क परत वाचायला घेतो, आणि बूटचा क्रम सीडीपासून असेल तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. २००२ मध्ये युरोपात विकल्या गेलेल्या अशा डिस्कमुळे अ‍ॅपलच्या आयमॅकची हीच गत झाली होती.

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, प्लग काढा, डिस्क फिरायची थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. ट्रेच्या पुढच्या पट्टीवर सुईएवढं भोक असतं. कागदाची क्लिप सरळ करून ती आडवी, अगदी सरळ आत घाला. दोन-तीन सेंटिमीटरवर अडथळा लागेल, तिथे हळूच दाबा. लॅपटॉपचा ट्रे टक्‌कन सुटतो. डेस्कटॉपचा ट्रे जेमतेम बोटाच्या पेराएवढा बाहेर येतो, पुढे हाताने ओढायचा. सेफ्टी पिन नको: गंजलेली असेल तर टोक आतच मोडतं. फटीतून डिस्क गिळणाऱ्या ड्राइव्हला बहुधा भोक नसतं. जुन्या मॅकवर चालू होताना माऊसचं बटण दाबून धरलं की डिस्क बाहेर पडते. चिमटा मात्र घालू नका.

चूक तिसरी: डिस्कवरचा प्लेअर ‘येस’ म्हणून चालू करणं

खरा घोटाळा इथे आहे. विंडोज एक्सपीवर डिस्क घातली की आतला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. सोनी बीएमजीच्या काही डिस्कवरचं ‘एक्ससीपी’ नावाचं सॉफ्टवेअर एकदा बसलं की स्वतःला लपवायचं. विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ते उघडकीला आणलं आणि कंपनीला डिस्क परत मागवाव्या लागल्या. ‘मीडियामॅक्स’ या दुसऱ्या प्रकारात तर करार नाकारला तरी काही फायली बसत होत्या. म्हणजे ‘नो’ दाबूनही सुटका नाही.

एक्सपीवर डिस्क घालण्याआधी शिफ्ट दाबा आणि ड्राइव्हचा दिवा शांत होईपर्यंत सोडू नका. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘सर्व्हिसेस’खालच्या ‘सीडीरॉम’मध्ये ‘ऑटोरन’ची किंमत ० करा आणि रीस्टार्ट करा. त्यानंतर डिस्क बदलल्याचं विंडोजला आपोआप कळत नाही, एफ-५ दाबावं लागतं. एवढी गैरसोय परवडली. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधून ऑटोप्ले बंद करा. ६४-बिट विंडोजवर या सॉफ्टवेअरचे जुने ड्रायव्हर (विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यातले दुवे असलेले प्रोग्रॅम) मुळात चढतच नाहीत. म्हणजे धोका आहे तो मंडळाच्या कार्यालयात किंवा सायबर कॅफेच्या कोपऱ्यात अजून धडधडत असलेल्या एक्सपीच्या पीसीला.

एक्ससीपी बसलंय का, हे ओळखायची सोपी युक्ती: नावाची सुरुवात ‘डॉलरचं चिन्ह, एसवायएस, पुन्हा डॉलरचं चिन्ह’ अशी असलेली एक कोरी टेक्स्ट फाइल डेस्कटॉपवर बनवा. रिफ्रेश करताच ती दिसेनाशी झाली तर ते जागं आहे. या नावाने सुरू होणारं सगळंच ते झाकतं, आणि याच आडोशाला पुढे व्हायरसवालेही येऊन बसले.

चूक चौथी: सापडलेल्या फायली हाताने उडवणं, किंवा रजिस्ट्रीत भलतीकडे हात घालणं

एक्ससीपीचे ड्रायव्हर सीडी ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये ठाण मांडून बसतात. फाइल गेली, पण रजिस्ट्रीतली नोंद राहिली, की विंडोज नसलेला ड्रायव्हर शोधत बसतं आणि ‘माय कॉम्प्युटर’मधून ड्राइव्हच गायब होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९, ३१ किंवा १९ दिसतो. लोक इथे नवा ड्राइव्ह विकत आणतात. नवा लावला तरी तोही गायब, कारण नोंद तिथेच असते.

उपाय असा. आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट बनवा. ‘रन’मध्ये रेजएडिट उघडा. एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास, या वाटेने जा. लांबलचक आकड्यांच्या फोल्डरांपैकी ‘४डी३६ई९६५’ने सुरू होणारा निवडा. उजवीकडे ‘क्लास’समोर ‘सीडीरॉम’ लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर चुकीच्या घरात शिरलात, परत फिरा. या आठ अक्षरांतला शेवटचा आकडा ५ ऐवजी ७ असलेला शेजारचा फोल्डर हार्ड डिस्कचा आहे. तिथली हीच नोंद उडवली तर विंडोज चालू होणार नाही. बरोबर फोल्डर असल्याची खात्री झाली की फाइल मेनूतून तो एक्स्पोर्ट करून ठेवा, मग उजवीकडच्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या दोनच नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. आयट्यून्स किंवा सीडी जाळायचं सॉफ्टवेअर असेल तर ते नंतर पुन्हा बसवावं लागेल, कारण त्यांचीही नोंद इथेच असते.

एक्ससीपी जागं असेल तर एवढ्याने भागत नाही, ते आयडीई चॅनलवरही, म्हणजे ड्राइव्हची केबल जिथे जोडते त्या वाटेवरही, चिकटलेलं असतं. अ‍ॅन्टिव्हायरसचं खास काढणीचं साधन वापरा. ते मिळालं नाही, तर फायली बाजूला काढून एक्सपी नव्याने टाकणं बरं. कंपनीने सुरुवातीला दिलेलं वेबवरचं अनइन्स्टॉलर कुणी जपून ठेवलं असेल तर वापरू नका. त्यानेच नवं भगदाड पाडलं होतं.

ड्राइव्ह दिसतो, पण आता साध्या सीडीही रखडत वाचतो आणि त्या वेळी माऊससुद्धा अडकतो? एक्सपीमध्ये टाइम-आउट किंवा सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) ६ चुका साठल्या की विंडोज त्या ड्राइव्हचा वेग पायरीपायरीने उतरवू लागतं, चुका चालूच राहिल्या तर शेवटी पीआयओ या मंद पद्धतीवर आणतं आणि आपणहून वर नेत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सेकंडरी आयडीई चॅनल’चं अ‍ॅडव्हान्स्ड पान बघा. तिथे पीआयओ दिसलं तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज तो नव्याने शोधून डीएमए या वेगवान पद्धतीवर लावतं. पुन्हा उतरला तर मात्र केबल काढून बघा. सीआरसीच्या चुका बहुधा केबलच्या टोकाशी होतात, आणि पिनांवर हिरवट थर दिसला तर खारा वाराच दोषी. केबल बदला.

चूक पाचवी: मार्कर आणि चिकटपट्टी

२००२ मध्ये गाजलेली युक्ती: कडेच्या वर्तुळावर मार्कर फिरवला की खोटा ट्रॅक झाकला जातो. काही डिस्कवर ते चाललंही. पण रेघ मिलिमीटरभर आत सरकली तर शेवटचं गाणं गेलं. चिकटपट्टी तर नकोच. आपल्याकडच्या दमट हवेत गोंद सुटायला वेळ लागत नाही, आणि ५२एक्सच्या (साध्या प्लेअरच्या ५२ पट) वेगात सुटलेली पट्टी लेन्सवरच जाऊन बसते. शिवाय हक्क मोडण्याच्या इराद्याने असं संरक्षण तोडणं २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ खाली गुन्हा आहे.

जिथे हवा खरंच गुन्हेगार असते

पहिल्या चाचणीत सगळ्याच डिस्क अडखळल्या असतील तर हे बघा. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. चांदण्यांसारखे बारीक ठिपके आरपार दिसले तर वरच्या लाखेखालचं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्याने खाल्लं गेलंय, ती डिस्क धुऊन सुधारणार नाही. नुसती बुरशी असेल तर साधं पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा ट्रॅकच्याच दिशेने लांबत जातो, आणि तो चूक-दुरुस्तीच्या आवाक्याबाहेरचा. थिनर, पेट्रोल वर्ज्य. एसीच्या खोलीतून पडवीत आणलेला ड्राइव्ह डिस्क न घालता तासभर तसाच ठेवा, लेन्सवरचं धुकं आपोआप जातं.

यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह टकटक करून गायब होत असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतं, डिस्क फिरवायला सुरुवात करताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतं. हब काढा, पीसीच्या मागच्या पोर्टला लावा किंवा दोन तोंडांची वाय-केबल वापरा.

आणि ती संशयित डिस्क ऐकायचीच असेल तर साध्या सीडी प्लेअरवर ऐका, तिला त्यासाठीच बनवलंय. प्लेअरची लाइन-आउट केबल लॅपटॉपच्या एकुलत्या एक जॅकमध्ये खुपसू नका. तो बहुधा हेडफोन-माइकचा एकत्र असतो, असा आवाज आत घेण्यासाठी बनवलेला नसतो. स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. लॅपटॉपही त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला असेल आणि घुमणारा हम्म आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत तो आवाज बहुधा तिथूनच येतो.