नागपुरात एका रात्रीसाठी स्वस्त कॉट शोधायची तर

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, नागपुरात "हॉस्टेल" शब्द टाकून सर्च केलं की जे येतं ते ९० टक्के प्रवाशांसाठी नसतंच. इथं हॉस्टेल म्हणजे कॉलेजच्या आणि क्लासच्या पोरापोरींचं महिन्याच्या भाड्याचं, मेससकट, डिपॉझिटवालं. माझा आतेभाऊ गडचिरोलीहून भरतीच्या पेपरला आला होता, ॲपवर फोटो पाहून बेड बुक केला, पैसे पण भरले, आणि रात्री साडेअकराला नंदनवनच्या त्या गल्लीत पोचला तर चौकीदार म्हणे भाऊ इथं फक्त मुली राहतात, एका रात्रीचं बुकिंग आम्ही घेतच नाई. मी गाडी घेऊन गेलो तं हा बंद गेटसमोर पायरीवर बसून होता, मांडीवर हॉलतिकीटाची पिशवी, घरून दिलेल्या पोळ्या अजून तशाच बांधलेल्या. सकाळी नऊला रिपोर्टिंग होतं त्याचं. तेव्हापासून कोणीही विचारलं की मी पहिलं हेच सांगतो, पैसे भरायच्या आधी फोन करा आणि विचारा, "डेली बेसिसवर देता का, आणि मुलांसाठी आहे की मुलींसाठी?" फोन उचलत नसतील तर तिथं बुक करू नका.

बरेच जण यूथ हॉस्टेलचं विचारतात. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४९ पासूनची आहे आणि मेंबरशिप घ्यायलाच पाहिजे असं माझं मत आहे, पण कशासाठी घेता ते समजून घ्या. एखाद्या शहरात युनिट, म्हणजे संस्थेची शाखा, आहे म्हणजे तिथं बिल्डिंग आणि कॉटा आहेतच असं नाही, पुष्कळ युनिट ट्रेक आणि कॅम्प घेतात, बस. मेंबरशिपचं कार्ड कामाला येतं ते बाहेरगावी, दिल्लीला चाणक्यपुरीत वगैरे. दुसरी जी सरकारी युवा वसतिगृहं असतात, संभाजीनगरला आहे तसं, ती राज्याने जागा आणि केंद्राने बांधकामाचा खर्च अशी उभी राहिली, पण त्यातली बरीच पुढे दुसऱ्या संस्थांकडे किंवा खेळाच्या कामासाठी दिली गेली. म्हणून जुन्या यादीतला पत्ता पाहून थेट जाऊ नका, आजची स्थिती फोनवर विचारा. बाहेरच्या देशांत पण हेच होऊन राहिलं, न्यूझीलंडच्या यूथ हॉस्टेल संस्थेने २०२१ च्या डिसेंबरात स्वतः चालवत असलेली ११ च्या ११ हॉस्टेलं बंद केली, इंग्लंडच्या संस्थेने २०२३ मध्ये २० विकायला काढली. मला याचं खरंच वाईट वाटतं. १९०९ मध्ये जर्मनीतला रिचर्ड शिरमान नावाचा मास्तर पोरांना घेऊन पायी निघाला, वादळात सापडला, एका शाळेत पेंढ्यावर रात्र काढली आणि तिथून ही कल्पना निघाली, की खिशात पैसे नसले तरी पोरांनी फिरलं पाहिजे. आता प्रायव्हेट बॅकपॅकर हॉस्टेलं २०१३ नंतर भरपूर निघाली, पण ती डोंगर आणि समुद्राकडे जास्त, पेपर द्यायला येणाऱ्या पोराचा विचार करून कोणी काढत नाही.

तर नागपुरात काय करायचं. ट्रेनने येत असाल तर पहिला पर्याय रेल्वेची रिटायरिंग रूम (स्टेशनवरचीच मुक्कामाची खोली) नाहीतर डॉर्मिटरी (एका हॉलमध्ये बरेच बेड), आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून बुक होते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे, वेटिंगवर मिळत नाही. बेड कमी आणि मागणी भयानक, म्हणून तिकीट कन्फर्म झालं की त्याच दिवशी पाहा. स्टेशनच्या रिडेव्हलपमेंटचं काम पण काढलेलं आहे, तेव्हा साईटवर रूम दिसत नसली तर त्यावर अवलंबून राहू नका.

दुसरा पर्याय धर्मशाळा आणि भक्तनिवास, आणि माझ्या मते फॅमिली किंवा एकट्या बाईसाठी हाच सगळ्यात चांगला. खोली नाही म्हणाले तर लगेच फोन ठेवू नका, "हॉलमध्ये गादी मिळेल का" असं विचारा. चार गोष्टी विचारून घ्याच: एकट्या माणसाला देतात का (पुष्कळ ठिकाणी देत नाहीत), गेट रात्री किती वाजता बंद होतं, ओरिजिनल आधार लागतं का, आणि समाजाची अट आहे का. धार्मिक ट्रस्टच्या जागेत दिवसाला १००० च्या आतल्या खोलीवर जीएसटी लागत नाही. साध्या लॉजवर जुलै २०२२ पासून १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, तेव्हा काउंटरवर कोणी अजून १२ लावत असेल तर पक्कं बिल मागा.

लॉज गणेशपेठ बसस्टँडजवळ, सेंट्रल अव्हेन्यूवर आणि सीताबर्डीत आहेत. चेकआउट २४ तासांचं की दुपारी १२ चं ते आधी ठरवा, पहाटे चारला चेकइन करून बारा वाजता बाहेर काढलं तर दोन दिवसांचे पैसे जातात. मे महिन्यात कूलर चालू आहे का आणि त्यात पाणी भरतात का हे पण विचारा, ४५ डिग्रीत नुसत्या पंख्याखाली झोप लागत नाही.

तारखा पाहून या. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मग लग्नाच्या तारखा, त्या वेळी साध्या लॉजचे रेट पण एकदम वर जातात. अशा वेळी वर्ध्याकडचा विचार करा, सेवाग्राम आश्रमासमोर यात्री निवास आहे, नागपूरहून ७५ किलोमीटरच्या आसपास, वर्ध्यापर्यंत गाड्या भरपूर. सकाळी लवकरचा पेपर असेल तर मात्र नको.

सोबत छोटं कुलूप, चादर आणि आधारच्या दोन झेरॉक्स ठेवा. आणि उतरायच्या आधी लॉजवाल्याला विचारून घ्या की स्टेशनच्या कोणत्या बाजूने बाहेर निघायचं, सेंट्रल अव्हेन्यूसाठी संत्रा मार्केटकडून पूर्वेला निघतात, सीताबर्डीसाठी पश्चिमेला, चुकलं तर रात्री एक वाजता ऑटोवाला तेवढ्याचेच दीडशे मागतो.