पोल सॉ घेताना आणि वापरताना या चुका टाळा

हापूसची काढणी आटोपली की जुन्या कलमांच्या वाळक्या, शेंड्यात दाटलेल्या फांद्या डोळ्यांत खुपायला लागतात. चढणारा गडी मिळत नाही, म्हणून पोल सॉ, म्हणजे लांब काठीच्या टोकाला बसवलेली करवत, घ्यायचं ठरतं. दुकानात पहिला प्रश्न, "सगळ्यात लांब कुठला?" गडबड इथूनच सुरू होते.

खोक्यावरच्या '15 फूट पोच'मध्ये बऱ्याचदा माणसाची उंचीही धरलेली असते. शिवाय काठी सरळ उभी धरायची नसते, नाहीतर तोडलेली फांदी थेट डोक्यावर येईल. 12 फुटी काठी 60 अंशांत तिरकी धरली तर ती साडेदहा फूटच वर जाते. लांबी वाढली की टोक डुलतं आणि पातं खाचेत टिकत नाही. म्हणून दुकानातच काठी पूर्ण उघडा, तिरकी धरून दोन मिनिटं उभे राहा. खांदे भरून आले तर ती काठी तुमच्यासाठी नाही. कमी पडलेली उंची शिडीवर चढून भरून काढायची तर अजिबात नाही.

मनगटाएवढ्या फांद्या आणि चार-दोन झाडं असतील तर काठीवरची हाताने ओढायची करवत भरपूर झाली. पातं वाकडं आणि ओढताना कापणारं हवं. सुताराची सरळ करवत बांबूला बांधली तर ढकलताना नुसती वाकते. बाग मोठी असेल तर बॅटरीचा सॉ बघा, पण मोटर टोकाला आहे की मुठीपाशी हे आधी विचारा. टोकाला दीड किलो जास्त असणं काय असतं ते तासाभरात कळतं. पेट्रोलचा सॉ मी तरी रोज छाटणी करणाऱ्यालाच सुचवेन.

विजेच्या तारेबाबत मात्र हयगय नको. अॅल्युमिनियमच्या काठीतून वीज सरळ अंगात येते, ओला बांबूही भरवशाचा नाही. फायबरग्लास कोरडं आणि स्वच्छ असेल तरच वीज अडवतं, आणि तरीही तारेजवळ जायचा तो परवाना नव्हे. फांदी तारेजवळ असेल किंवा तारेवर पडेल असं वाटलं तर महावितरणला कळवा, पुरवठा बंद झाल्याशिवाय हात लावू नका. शहरात असाल तर आवारातल्या झाडाच्या छाटणीलाही आधी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा. त्यासाठी 1975 चा कायदा आहे.

आता कापताना येणाऱ्या अडचणी. फांदी अर्धी कापून तुटली आणि खोडाची साल लांबवर सोलत गेली, तर खालची खाच राहिली म्हणून समजा. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडं कापा, मग त्याच्या जरा पुढे वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढा. तो कडाच कापून टाकला तर जखम भरत नाही. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

बॅटरीच्या किंवा पेट्रोलच्या, म्हणजे साखळीच्या सॉमधून भुसा खडबडीत तुकड्यांत पडायला हवा. पिठासारखा उडत असेल तर साखळी बोथट आहे, गोल कानसीने धार करा. नवी साखळी घातली आणि नुसता धूर येतोय? बहुतेक उलटी बसली आहे. वरच्या बाजूचे दात टोकाच्या दिशेने हवेत. साखळी सारखी निसटत असेल तर ताण बघा: थंड असताना बारला (जिच्यावरून साखळी फिरते ती पट्टी) चिकटलेली, तरी हातमोज्याने ओढली की सरकणारी. साखळीला वंगण देणारी तेलाची टाकी बॅटरीच्या सॉलाही असते, हे अनेकांच्या गावीही नसतं. तिथे गाडीचं जळकं तेल ओतू नका. हाताच्या करवतीवर आंब्याचा चीक वाळला की ती जड चालते, रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या.

घेण्याआधी अजून एक विचारा: साखळी तालुक्याला मिळते का? नुसती बारची लांबी सांगून भागत नाही. पिच (साखळीच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि त्या कड्यांची संख्या, तिन्ही जुळावं लागतं. हे आकडे बिलाच्या मागेच लिहून घ्या.