स्पेस कॉम्बॅट गेममध्ये एम असिस्ट सेट करताना आधी डेडझोन बघा

नवीन गेम टाकला की बरेच जण आधी सेटिंगमध्ये जाऊन एम असिस्ट (नेम धरायला गेमकडून मिळणारी मदत) फुल करतात आणि दोन दिवसांनी म्हणतात क्रॉसहेअर (स्क्रीनवरचं नेमाचं चिन्ह) आपल्या मनाने पळतोय, नेम लागतच नाही. माझंही तसंच झालेलं, आणि गडबड एम असिस्टमध्ये नव्हतीच, डेडझोनमध्ये होती, म्हणजे कंट्रोलरच्या स्टिकच्या मधल्या जेवढ्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो त्यात.

म्हणून सुरुवात तिथून करा. एम असिस्ट पूर्ण बंद करा, स्टिक सोडून द्या आणि बघा जहाज आपोआप वळतंय का. वळत असेल तर डेडझोन थोडा थोडा वाढवत जा आणि वळणं थांबलं की तिथेच ठेवा. जास्त ठेवला तर स्टिक जराशी हलवून काहीच होत नाही, मग अजून ढकलली की एकदम झटका बसतो, आणि लांबच्या जहाजावर नेम धरायला जी बारीक हालचाल लागते नेमकी तीच हातातून जाते. ही कसर एम असिस्टने भरून निघत नाही.

आता लीड मार्कर चालू करा, म्हणजे शत्रूच्या पुढे दिसणारा तो छोटा गोल. समजा गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे आणि शत्रू १६०० मीटरवर, तर गोळी पोचायला २ सेकंद लागणार, तेवढ्यात सेकंदाला १५० मीटर वेगाने आडवा जाणारा शत्रू ३०० मीटर पुढे गेलेला असतो. गोल तीच जागा दाखवतो, म्हणून जहाजावर नाही, गोलावर मारायचं. फक्त त्याने मध्येच दिशा बदलली तर हिशोब चुकतो, त्यामुळे शक्यतो जवळ जाऊन मारा.

यानंतर एम असिस्ट. बहुतेक गेममध्ये याचे दोन प्रकार असतात, एकात शत्रूजवळ आलं की क्रॉसहेअर हळू होतो किंवा चिकटतो, दुसऱ्यात तोफ स्वतःच थोडी वळून नेम धरते. पहिला प्रकार मी कमीच ठेवतो, कारण दोन जहाजं जवळजवळ आली की तो नको त्याच्याकडे ओढतो. स्लायडर शून्यावरून थोडा थोडा वर न्या आणि प्रत्येक वेळी एकाच प्रकारच्या शत्रूशी तेवढ्याच अंतरावर लढून बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

एलिट डेंजरस या गेममध्ये तर हे सेटिंगपेक्षा शस्त्रांवरच ठरतं. गिंबल्ड तोफा लॉक केलेल्या जहाजामागे आपोआप वळतात पण डॅमेज कमी, फिक्स्ड तोफांचा डॅमेज जास्त पण जहाजाचं नाक तुम्हालाच धरून ठेवावं लागतं. नवीन असाल तर बिनधास्त गिंबल्ड घ्या, त्यात कमीपणा काही नाही, उलट लक्ष उडण्याकडे राहतं आणि सुरुवातीला तेच शिकायचं असतं.

फक्त समोरच्याने चॅफ (तोफांचा माग चुकवणारं साधन) सोडला की गिंबल्ड तोफा भरकटतात, सगळ्या गोळ्या इकडेतिकडे जातात. तेव्हा घाबरून ट्रिगर दाबून ठेवू नका, टार्गेट लॉक काढा, तोफा सरळ समोर मारायला लागतील, मग हाताने नेम धरा आणि चॅफ संपला की परत लॉक करा. लॉक काढायचं बटण अंगठ्याखाली येईल असं बाइंड करून ठेवा.