पॉवर बीआयमध्ये रोल लावला, तरी सगळ्यांना सगळं का दिसतं?

नागपुरात डेटाच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलं जोडता येतात, थोडंफार डॅक्स (त्यातली सूत्रांची भाषा) जमतं, एवढं धरून चालतो. रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे रोल आणि त्यातली अट लावून कुणाला डेटाच्या कुठल्या ओळी दिसाव्यात हे ठरवणं, क्लासमध्ये शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकतात आणि नोकरीत मात्र पहिल्याच महिन्यात ती गळ्यात पडते. माझ्या गळ्यात तशीच पडली.

काम साधं होतं. बियाणे-खतांच्या विक्रीचा रिपोर्ट, विदर्भाचे 11 जिल्हे, आणि ज्याचा जिल्हा त्यालाच दिसायला हवा. जिल्ह्यागणिक वेगळा रोल बनवायचा मोह आवरा. बदल्या सुरू झाल्या की ते सांभाळणं अशक्य होतं. त्यापेक्षा एक अधिकार-टेबल करा: एका रकान्यात लॉगिन, दुसऱ्यात जिल्हा. ज्याच्याकडे वर्धा आणि यवतमाळ दोन्ही, त्याच्या दोन ओळी. मग एकच रोल, आणि त्यात अट एवढीच की लॉगिनचा रकाना बरोबर युजरप्रिन्सिपलनेम(), म्हणजे रिपोर्ट बघणाऱ्याचं लॉगिन देणारं डॅक्स फंक्शन. हे टेबल जिल्ह्यांच्या टेबलाला जोडताना फिल्टर दोन्ही दिशांना ठेवा आणि नात्याच्या खिडकीतली सिक्युरिटी फिल्टर दोन्ही दिशांना लावण्याची वेगळी खूणही करा. ती राहिली तर अट अधिकार-टेबलापाशीच थांबते, विक्रीच्या आकड्यांपर्यंत पोचत नाही.

आता मुख्य गोष्ट. पॉवर बीआय डेस्कटॉपवर ‘व्ह्यू ॲज’मध्ये (दुसऱ्याच्या नजरेने रिपोर्ट बघायची सोय) रोल आणि दुसऱ्याचं लॉगिन, दोन्ही टाकून पाहिलं. अकोल्याला अकोलाच दिसलं. पब्लिश केलं, सर्व्हिसमध्ये (पॉवर बीआयची ऑनलाइन बाजू) सिमँटिक मॉडेलच्या, म्हणजे रिपोर्टमागच्या टेबलं-नात्यांच्या, सिक्युरिटीत जाऊन माणसं रोलमध्ये टाकली. आणि अकोल्याहून फोन आला: “भाऊ, मले तं गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत सारंच दिसून राह्यलं.” मार्जिनसकट!

सूत्र तपासलं, नाती तपासली, सगळं पुन्हा पब्लिश केलं. काही फरक नाही. रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसून तेच छोटंसं सूत्र वाचत होतो. कारण डॅक्समध्ये नव्हतंच. वर्कस्पेस, म्हणजे रिपोर्ट आणि मॉडेल ठेवायची सर्व्हिसमधली सामायिक जागा, माझ्या आधी कुणीतरी तयार केला होता आणि त्यात सरसकट सगळ्यांना मेंबर करून ठेवलं होतं. वर्कस्पेसमध्ये ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर आणि व्ह्युअर असे चार दर्जे असतात. पहिल्या तिघांना मॉडेल बदलायचा हक्क असतो, म्हणून रो-लेव्हल सिक्युरिटी त्यांना लागूच होत नाही. तुम्ही त्यांना रोलमध्ये टाका, दहा वेळा टाका, त्यांना पूर्ण डेटा दिसणार. अट चालते ती फक्त व्ह्युअरवर, किंवा ज्यांना ॲपमधून किंवा शेअर करून नुसता वाचायचा हक्क दिलाय त्यांच्यावर. दर्जा बदलला आणि त्याच सूत्राने काम केलं.

म्हणून कुणी सीनियर “दे ना मेंबर करून, कटकट मिटेल” म्हणाला तर ऐकू नका. बघणाऱ्यांना ॲप द्या. कुणाला त्याच मॉडेलवर स्वतःचा रिपोर्ट करायचा असेल तर बिल्ड परवानगी द्या, तिच्यात अट कायम राहते. रिपोर्टचं पान लपवणं किंवा फिल्टर-पेन कुलूपबंद करणं याला सुरक्षा म्हणणारे व्हिडिओ तर मला सहनच होत नाहीत. डेटा त्या माणसापर्यंत पोचलेलाच असतो.

घाबरू नका, उलट बाजूची चूक निरुपद्रवी असते. माणूस कुठल्याच रोलमध्ये नसेल तर व्हिज्युअल उघडतच नाहीत, तो ओरडतो, तुम्ही त्याला रोलमध्ये टाकता. रोलमध्ये असूनही रिपोर्ट कोरा दिसत असेल तर बहुधा लॉगिन जुळत नाही, कारण ईमेल आणि लॉगिन दर वेळी एकच असतात असं नाही. एक मेजर बनवा, त्यात फक्त युजरप्रिन्सिपलनेम(), ते कार्डावर ठेवा आणि त्या माणसाला स्क्रीनशॉट मागा. कार्डावर जे दिसेल, तेच अधिकार-टेबलात जसंच्या तसं लिहा. एकच माणूस दोन रोलमध्ये असेल तर त्याला दोन्हींचा मिळून डेटा दिसतो, कमी नाही. हे इंटरव्ह्यूत हमखास विचारतात.

मार्गदर्शक शोधत असाल तर माझ्या मते तो आयटीत शोधू नका. आमच्याकडे कुणाची बदली कुठे झाली हे एचआरच्या मॅडमना आधी कळायचं, आणि ते अधिकार-टेबल खरं त्यांनीच जिवंत ठेवलं. मॉडेल इंपोर्टचं (डेटाची प्रत आत साठवणारं) असेल तर त्यांनी ओळ बदलल्यावर रिफ्रेश होईपर्यंत जुन्या माणसाला जुना जिल्हा दिसत राहतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि आयटीकडून व्ह्युअर दर्जाचं एक चाचणी-खातं मागून घ्या. देत नसतील तर पुन्हा मागा, साहेबांकडून लेखी मागा. दर पब्लिशनंतर त्या खात्याने लॉगिन करून पाहा, कारण तुमच्या स्वतःच्या खात्यातून तुम्हाला सगळंच दिसत राहणार.