मागून म्हातारी होणारी पिकअप: घरच्या घरी करायची कामं

जुन्या पिकअपचं इंजिन निदान बॉनेट उघडलं की समोर दिसतं, म्हणून त्याची विचारपूस होते. मागचा भाग चिखलात आणि ओझ्याखाली गुपचूप झिजतो. रिकामी पिकअप मागून उडते, भरलेली मागून बसते, आणि दोन्ही वेळचा मार पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा), क्रॉस (शाफ्टचा वळता सांधा) आणि मागचे ब्रेक खातात. इंजिनाचं ऑइल, फिल्टर आणि बेल्ट वेळच्या वेळी बदलले जातात असं धरून इथे फक्त केबिनच्या मागची कामं घेतली आहेत. लाइट शेवटी आहेत, कारण त्यांच्या कटकटीचं मूळही बरेचदा मागेच सापडतं.

उचलण्याआधी

मागचं एकच चाक जॅकवर उचललं, तर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळू शकते. हवेतलं चाक उलटं फिरतं आणि डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला मोकळं सोडतं. काही पिकअपना हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर) असतो. तिथे हँडब्रेकचीही तीच गत. शिवाय चाकावरचा हँडब्रेक असेल तर ड्रम काढताना तो सोडावाच लागतो. म्हणून सपाट, टणक जागा बघा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा आणि मगच उचला. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली शिरायचं तर ॲक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या जवळ, दोन घोड्या (लोखंडी स्टँड) हव्यातच.

क्रॉस आणि शाफ्ट

गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज येतो, तो बहुतेक क्रॉसचा असतो. त्याच्या बऱ्याच आधी, हळू चालताना शाफ्टच्या फेऱ्यांच्या लयीत बारीक चीं-चीं येत असते. तेव्हाच ग्रीस मारलं तर क्रॉस वाचतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून (ठोकळे लावलेलेच आहेत) क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (त्याला धरणारे काटे) एकेका हातात धरा आणि उलटसुलट पिळा. हाताला जरा जरी खेळ जाणवला तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसली, तर आतल्या सुया (बेअरिंगच्या बारीक सळ्या) कोरड्या पडून गंजल्या आहेत. तिथे ग्रीस मारून आवाज चार दिवस थांबेल, क्रॉस सुधारणार नाही.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर). निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी चिंधीने पुसा, नाहीतर बाहेरची माती गनच आत ढकलते. चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारायचं. तिघांतून आलं आणि चौथा कोरडाच राहिला, तर शाफ्ट फिरवून तो कप खाली आणा आणि पुन्हा मारा. तरीही येत नसेल तर क्रॉस बदलायच्या यादीत टाका. शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाचं निपल मात्र विसरू नका. तिथे उलट, दोनतीन दाब पुरे. जास्त भरलं तर जोड आत सरकायला जागाच राहत नाही.

शाफ्ट उतरवायचा असेल तर आधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर रंगाची एक सलग रेघ ओढा. जोड एक दात जरी इकडचा तिकडे बसला, तर दोन्ही टोकांचे योक एका ओळीत राहत नाहीत आणि वेगात गाडी थरथरते. मग लोक चाकं बॅलन्स करत फिरतात. नवा कप दाबताना एखादी सुई आडवी पडणं ही नेहमीची चूक आहे. कप शेवटपर्यंत न जाता सर्क्लिपच्या (कप धरून ठेवणाऱ्या कडीच्या) खाचेआधी दीड-दोन मिलिमीटर अडला, तर हातोडा खाली ठेवा, कप काढा आणि सुया ग्रीसमध्ये नीट उभ्या चिकटवा.

डिफरन्शियल, आणि त्याचं नाक

ऑइल बदलताना आधी भरायचा, म्हणजे वरचा प्लग उघडा. खालचा उघडून सगळं ऑइल सांडल्यावर वरचा जाम असल्याचं कळलं, तर गाडी जागेवरच अडकते. गाडी थोडी चालवून आणली की कोमट ऑइल गाळासकट उतरतं. खालच्या प्लगवर चुंबक असेल तर त्यावर करडी, मऊ पेस्ट सापडेल, ती चालते. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या आल्या, तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. बहुतेक मागच्या ॲक्सलना ८०-डब्ल्यू-९० जीएल-५ (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा) लागतं, साधारण दोन ते तीन लिटर. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गाडी आडव्या पातळीत असताना वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की बास. उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह होतो. मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर तो टाळा. जीएल-५ मधली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

आता ॲक्सलच्या नळीवर, वरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी एक टोपी शोधा. तो ब्रीदर. ॲक्सल तापला की आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. जुन्या गाडीत तो चिखलाने हमखास बुजलेला असतो. मग हवा दुसरी वाट शोधते, ती म्हणजे चाकाजवळचं ऑइल सील. सील गळतं, ऑइल ड्रममध्ये उतरतं, लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) भिजतो आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. ब्रीदर साफ न करता नुसतं सील बदललं, तर थोड्याच दिवसांत तेच काम पुन्हा काढावं लागतं.

या गाडीवर करता येणारी सगळ्यात स्वस्त आणि शहाणी सुधारणा इथेच आहे. टोपी काढून त्या जागी पाइप बसेल असं निपल लावा, त्याला ८ मिमीची इंधनाची रबरी नळी जोडा आणि ती हौद्याच्या चौकटीपर्यंत वर न्या. वरच्या टोकाला तोंड खाली करून छोटा फिल्टर बसवा. गरम ॲक्सल पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढते. नळी वर नेली की तो प्रश्न मिटतो. ॲक्सल वरखाली होतो हे ध्यानात ठेवून नळीला ढील द्या, आणि ती सायलेन्सरपासून लांब ठेवा.

मागचे ब्रेक

ड्रम निघत नसेल तर हातोड्याने कडा ठोकू नका, बिडाची कड उडते. आधी हँडब्रेक सोडा, मग मागच्या प्लेटच्या भोकातून ॲडजस्टर सैल करा, कारण शूंनी (लायनर लावलेल्या कमानींनी) ड्रमच्या आत कड पाडलेली असते आणि तीच अडकते. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात, बहुतेक ८ मिमीची. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो.

आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाका.

ओल दिसली तर कशाची आहे ते आधी ठरवा. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं: गळती व्हील सिलिंडरची (शू बाहेर ढकलणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरची). दाट, चिकट आणि गंधकाचा उग्र वास असेल तर ते डिफरन्शियलचं: गळती सीलची, आणि मूळ ब्रीदरचं असण्याची शक्यता मोठी. सिलिंडरचं रबर नखाने उचलून बघा. आत नुसता दमटपणा असेल तर एवढ्यात घाई नाही, थेंब ओघळला तर सिलिंडर बदला. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही. तापला की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. आणि शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुना म्हणून शाबूत ठेवा. स्प्रिंगांचे रंग, कुठला शू पुढे, दट्ट्याची खाच कुठल्या बाजूला, हे सगळं त्यावर बघता येतं. ड्रम उतरलेला असताना पॅडल दाबू नका (मदतीला कुणी केबिनमध्ये बसला असेल तर त्यालाही बजावा), पिस्टन बाहेर उडी मारतात. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर खराद मारूनही उपयोग नाही. मागच्या प्लेटवर शू जिथे घासतात ते उंचवटे तासून गुळगुळीत करा आणि त्यांवर जास्त तापमान सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. उंचवट्यांना खाच पडली असेल तर शू तिथे अडकतो आणि ब्रेक सुटत नाही. मग दोष स्प्रिंगांच्या नावावर जातो.

बसवल्यावर ॲडजस्टर इतका आवळा की ड्रम हाताने फिरणार नाही, मग एकेक दात मागे घेत चाक हलकं घासून फिरेल तिथे थांबा. पॅडल दोनचार वेळा दाबून शू मध्यावर आणा आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. केबल आधीच आखडलेली असेल तर शू मूळ जागी बसत नाहीत आणि पुढचं सगळं ॲडजस्टमेंट खोटं ठरतं.

पाइप किंवा सिलिंडर उघडलं असेल तर ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागेल. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा, आणि ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, झाकणावर लिहिलं असेल ते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत मिसळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका.

पाटे

एक बाजू खाली बसली असेल तर प्रत्येक पाटा बोटाने चाचपा. तुटलेल्या पाट्यावर आडवी गंजाची रेघ दिसते, बहुतेक यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) अगदी जवळ. पाट्यांच्या कामात घोड्या चॅसिसखाली लागतात आणि ॲक्सलला जॅकचा आधार असतो, म्हणजे तो हवा तसा वरखाली करता येतो. ताण सुटेपर्यंत बोल्टाला हात लावू नका.

यू-बोल्ट एकदा उघडले की नवेच घाला. जुने ताणलेले असतात आणि त्यांचे आटे गंजलेले. चारही नट तिरके, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पाटे आपापसांत बसले की नट सैल होतात, मग मधला बोल्ट तुटतो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो. रबरी बुश असलेल्या शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या कड्यांचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. ॲक्सल लोंबकळत असताना आवळले तर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

जादा पाटा टाकायचा विचार असेल तर दोन गोष्टी. पाट्याने गाडी खाली बसायची थांबते, पण ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चॅसिस यांची ताकद होती तेवढीच राहते. दुसरी गोष्ट सहज विसरली जाते: बऱ्याच पिकअपमध्ये चॅसिसवर एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. ओझ्याने चॅसिस खाली गेली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटा टाकून मागची बाजू उंचावली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक ढिले पडतात. काडीची लांबी किंवा तिचा ब्रॅकेट नव्या उंचीला जुळवून घ्या. हेडलाइटचा झोतही तपासा.

लाइट

ब्रेक मारला की एका बाजूचा इंडिकेटरही मंद पेटतो? तो बल्बचा दोष नव्हे, अर्थिंगचा आहे. हौदा केबिनपासून वेगळा असतो आणि त्याच्या बोल्टांवर रंग नि गंज चढलेला असतो, त्यामुळे करंटला परतीची वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या बल्बमधून शिरतो. मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवा, लाइट लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टेललाइटच्या अर्थला टेकवा. ०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर दोन्ही टेललाइटपासून चॅसिसपर्यंत २.५ चौरस मिमीची वेगळी तार ओढा. चॅसिसवरची जागा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

पुढच्या मंद हेडलाइटना मोठे बल्ब हा इलाज नाही. जादा वॉटचे बल्ब सॉकेट वितळवतात. साठ-साठ वॉटचे दोन एच-४ बल्ब मिळून १० ॲम्पियर ओढतात, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ते सगळे दांडीच्या स्विचमधून जातात. वाटेत व्होल्टेज १० टक्के घटलं तर प्रकाश जवळजवळ ३० टक्के घटतो. म्हणून दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारे स्विच) बसवा, एक अपरसाठी, एक डिपरसाठी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची तार १५ ॲम्पियरच्या फ्यूजमधून प्रत्येक रिलेच्या ३० नंबरला न्या. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. ८७ नंबरवरून बल्बकडे, ८६ ला जुनी हेडलाइटची तार, ८५ अर्थला. हे करण्याआधी टेस्ट लॅम्पने एक बघा: काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नव्हे, अर्थ जोडतो आणि बल्बच्या सामाईक पिनवर पॉझिटिव्ह असतो. तिथे सामाईक पिनला ८७ वरून पॉझिटिव्ह देऊन जमत नाही, सगळी जोडणी उलटी विचारात घ्यावी लागते. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, लाइट लावून, बल्बच्या पिनांवरच व्होल्टेज मोजा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल, तर एखादं टर्मिनल नीट दाबलं गेलेलं नाही; लाइट पाच मिनिटं चालू ठेवा आणि एकेका टर्मिनलला बोट लावून बघा, दोषी असेल ते गरम लागेल.